धारावीतली घरं आणि माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धारावी नेमकी कुठून कुठपर्यंत?

एका बाजूला मध्य रेल्वेचं शीव स्थानक, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वेची माहीम आणि माटुंगा रोड ही स्थानकं, उत्तरेला मिठी नदी आणि शीव-वांद्रे लिंक रोड. या चौकटीत जे बसतं ती धारावी. महापालिकेचा विभाग जी उत्तर, वीज बेस्टची. क्षेत्रफळ कुणी २.१ चौरस किलोमीटर सांगतं, कुणी २.५. रेघ कुठे ओढायची यावर ते ठरतं.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. धारावी म्हणजे सगळी झोपडपट्टी नव्हे. इथे महापालिकेच्या चाळी आहेत, म्हाडाच्या इमारती आहेत, १९८५ च्या पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून उभी राहिलेली पीएमजीपी कॉलनी आहे, ट्रान्झिट कॅम्प आहे आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचा कोळीवाडा आहे. कोळीवाड्यातल्या कुटुंबांचं म्हणणं स्पष्ट आहे: आमचं गावठाण आहे, आम्हाला झोपडीधारक म्हणू नका. त्यात तथ्य आहे. वस्तीला सरसकट झोपडपट्टी म्हटलं की जुने हक्कही त्याच शिक्क्याखाली पुसले जातात.

लोकसंख्या नक्की किती?

सहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत सगळे आकडे वाचायला मिळतात. कोविडच्या काळात तीन आकडे एकत्र छापले जात: क्षेत्र अडीच चौरस किलोमीटर, लोक साडेआठ लाख, घनता दर चौरस किलोमीटरला २,२७,१३६. भागाकार करून पाहा. साडेआठ लाख भागिले अडीच म्हणजे ३,४०,००० येतात. हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, तरी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी छापले जात आहेत.

घोळाचं कारण साधं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३, त्यातले सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात झोपडपट्टीची जी मोजणी होते ती माणसांची नसते, दारांची असते. सर्वेवाला तळमजल्याच्या दारावर नंबर टाकतो. पण त्या दाराशेजारून उभी लोखंडी शिडी वर जाते, वर दुसरं कुटुंब राहतं, कधी त्याच्याही वर तिसरं. मागच्या बाजूच्या कारखान्यात दहा-बारा पोरं कामाच्या जागीच झोपतात. त्यांचं रेशन कार्ड गावाला, मतदान गावाला. एक दार म्हणजे एक कुटुंब, हे गृहीतकच इथे चालत नाही. पाणी, संडास, शाळा, पुनर्वसन या प्रत्येक हिशेबात पुढे जी तूट दिसते, तिची सुरुवात इथून होते.

इथे कोण कोण राहतं आणि ते कुठून आले?

कोळी मूळचे. खाडीत मासे होते तोवर मासेमारीवर जगणारे. एकोणिसाव्या शतकात शहरातले घाण करणारे धंदे वेशीबाहेर काढले जाऊ लागले, तशा चामडे कमावण्याच्या टॅनऱ्या इथे आल्या. त्यांच्यामागून तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातले मुसलमान आणि आदिद्रविड मजूर आले, पश्चिम महाराष्ट्रातली ढोर आणि चर्मकार समाजाची कुटुंबं आली. बडी मशीद १८८७ ची, तमिळ लोकांनी बांधलेलं गणेश मंदिर १९१३ चं. म्हणजे 'हे लोक आत्ता आले' हा समज शंभराहून जास्त वर्षांनी चुकतो.

कुंभारवाडा सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा. मुंबईतल्या आधीच्या जागांवरून हलवत हलवत त्यांना १९३० च्या दशकात इथे जागा मिळाली. माटुंगा लेबर कॅम्पात महाराष्ट्रातल्या दलित कुटुंबांची मोठी वस्ती. कुंचीकोरवे नगरात झाडू बांधणारा कुंचीकोरवे समाज. उत्तर प्रदेश आणि बिहारमधले कारागीर जरीकाम, शिलाई, बॅगांच्या कारखान्यांत. कोकण, सातारा, सोलापूरकडची मराठी कुटुंबं जवळपास प्रत्येक भागात.

१९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला आणि बहुतेक टॅनऱ्याही तिकडे सरकल्या. चामड्याच्या वस्तू शिवणारे हात मात्र धारावीतच राहिले. म्हणून शीव-वांद्रे लिंक रोडवर आजही पट्टे, पाकिटं, जॅकेटांची दुकानं ओळीने दिसतात.

माणसं गावानुसार आणि धंद्यानुसार एकत्र राहतात, कारण पहिली खोली आणि पहिलं काम गाववाल्याच्याच ओळखीने मिळतं. एकट्या आलेल्या पुरुषांमुळे लिंगगुणोत्तरही बिघडतं. २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. कारखान्यांच्या गल्ल्यांमध्ये हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात कशी?

१०० चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. दारातून आत गेलं की एका कोपऱ्यात मोरी, साधारण अडीच बाय तीन फुटांची. तीन बाजूंनी वीतभर कठडा, आत लादी, एक भोक थेट गल्लीतल्या गटारात. आंघोळ, भांडी, कपडे सगळं तिथेच, आणि रात्री लहान मुलांची लघवीही. मोरीला लागून कडाप्प्याचा ओटा, खाली सिलेंडर, बाजूला २०० लिटरचं निळं पिंप. भिंतीवर मांडणी, तिच्यावर घासून लख्ख केलेले डबे. पलंग असलाच तर विटा लावून उंच केलेला, म्हणजे खाली पेट्या राहतात. सात-साडेसात फुटांवर पोटमाळा. लोखंडी अँगल, त्यावर लाद्या किंवा प्लाय.

झोपायच्या जागा वयाने आणि पाळीने ठरतात. मोठी मुलं पोटमाळ्यावर, आईवडील आणि लहान पोर खाली, म्हातारा माणूस दाराजवळ. रात्रपाळीवाला सकाळी आला की त्याच गादीवर झोपतो. दहावीचा अभ्यास रात्री अकरानंतर किंवा गल्लीतल्या एखाद्या अभ्यासिकेत.

धोका दोन गोष्टींचा. पहिला वीज: एकाच मीटरवर खाली घर, वर भाडेकरू आणि शिलाईच्या चार मशिनी. वायर जुनी, लोड नवा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर शॉक लागताच वीज तुटते. लोखंडी शिडी आणि पत्र्याच्या घरात हा खर्च टाळू नये. दुसरा धोका आग: वरच्या मजल्याला एकच शिडी, आणि ती बहुधा खालच्या ओट्याच्या डोक्यावरून जाते. सिलेंडर शिडीखाली ठेवू नका, रात्री रेग्युलेटर बंद करा.

दर पावसाळ्यात पाणी घरात का शिरतं? आधी तर शिरत नव्हतं.

कारण घर खाली गेलेलं नसतं, गल्ली वर आलेली असते. दर काही वर्षांनी गल्लीत जुन्या लाद्यांवरच नवीन लाद्या किंवा काँक्रीट पडतं. जुना थर खोदून काढत नाहीत. दर वेळी चार-सहा इंच चढले की दोन-तीन कामांत उंबरठा गल्लीच्या पातळीखाली येतो. मग घरवाला आत भराव टाकून जमीन उचलतो. जमीन उचलली की डोक्यावरची उंची कमी होते, पोटमाळ्याखाली वाकून चालावं लागतं. म्हणून तो पत्रा वर नेतो. आणि चौदा फुटांच्या वर गेला की महापालिकेची नोटीस येते.

यावर उपाय एकच, आणि तो गल्लीचं काम सुरू होण्याआधी करायचा असतो. काम निघालं की जुना थर काढून मगच नवा टाकावा अशी लेखी मागणी विभाग कार्यालयात आणि नगरसेवकाकडे गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांनी द्या. थर पडल्यावर तक्रार करून तो कुणी उखडत नाही. घराच्या बाजूने उंबरठ्याला नऊ इंचांची पक्की वीट, आणि मोरीच्या भोकाला उलटं पाणी अडवणारी झडप. बहुतेक वेळा पाणी दारातून नव्हे, मोरीतून वर येतं. मिठीला भरती असेल आणि त्याच वेळी पाऊस पडला तर गटार उलटं वाहणारच.

पाणी किती मिळतं आणि ते गढूळ का येतं?

महापालिकेचं नियोजन झोपडपट्टीसाठी माणशी रोज ४५ लिटर, इमारतींसाठी १३५ लिटर. पाच जणांचं कुटुंब धरा: २२५ लिटर. म्हणजे एक पिंप आणि वर एक हंडा. स्वयंपाक, आंघोळ, धुणी, भांडी, सगळं त्यात. आणि जोडणी तळमजल्याच्या नावावर असते. वरच्या भाडेकरूंचा वाटा त्याच पिंपातून निघतो, म्हणजे ४५ हा आकडाही कागदावरचाच.

नळाला पाणी ठरलेल्या वेळी दोन-तीन तास येतं. दाब कमी पडला की जो तो बूस्टर मोटर लावतो. इथेच पाणी बिघडतं. पाण्याचे पाइप गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेले असतात आणि जुन्या सांध्यांना बारीक भेगा असतात. पाइपात दाब असताना पाणी बाहेर झिरपतं. मोटरने ओढलं की पाइपात पोकळी तयार होते आणि त्याच भेगांतून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. म्हणून पाण्याच्या वेळेची पहिली पाच-सात मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं वास जास्त येतो. ते पाणी पिण्यासाठी भरू नका, धुण्याला वापरा. पिण्याचं उकळून घ्या. पुराच्या दिवसांत आरोग्य केंद्रात क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, त्यांचं प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, अंदाजाने टाकू नका. गल्लीने मिळून पाइप गटारातून उचलून भिंतीवर खिळवून घेतला तर निम्मं दुखणं संपतं.

२००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये तसा आदेश दिला आहे. पाणी देणं म्हणजे घर अधिकृत करणं नव्हे, हेही त्यातून स्पष्ट झालं. जोडणी नाकारली तर कारण लेखी मागा.

घरोघरी संडास का नाहीत?

जागेमुळे, हे अर्धंच उत्तर. खरी अडचण मलवाहिनीची. तीन-चार फुटांच्या गल्लीत पाण्याचा पाइप, गटार आणि केबल आधीच आहेत. मलवाहिनीला हवा तेवढा उतार तिथे मिळत नाही. ज्यांनी घरात संडास बांधला त्यातल्या अनेकांचा पाइप गटारातच सोडलेला असतो, आणि त्याच गटारात पिण्याचा पाइप आहे. २०२० मध्ये महापालिकेने सांगितलं होतं की धारावीत सुमारे ४५० सार्वजनिक शौचालयं आहेत आणि दहातली आठ माणसं त्यांच्यावर अवलंबून आहेत. सकाळची रांग, रात्री बंद होणारं दार आणि बायकांनी संध्याकाळनंतर पाणी कमी पिणं, हे सगळं एकाच साखळीतलं आहे.

पोटमाळ्यावर भाड्याने राहतो. घरमालक कागद करून देत नाही. काय करावं?

घरमालकाची भीती ही की भाडेकरू पुढे खोलीवर हक्क सांगेल. म्हणून अकरा महिन्यांचं डिपॉझिट, तोंडी बोली आणि महिन्याचं रोख भाडं. पण कायदा इथे भाडेकरूच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

करार नाहीच मिळाला, तर राहत असल्याचे पुरावे स्वतः साठवा. भाडं रोख न देता खात्यातून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. गॅसचं पुस्तक, मुलाचा शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक, छोट्या सायन हॉस्पिटलमधला (धारावीतलं महापालिकेचं आरोग्य केंद्र) केसपेपर, आधार: प्रत्येकावर पत्ता एकाच पद्धतीने लिहून घ्या. 'पहिला मजला' किंवा 'पोटमाळा' हा शब्द पत्त्यात असायलाच हवा. तो नसेल तर कागदोपत्री तुम्ही घरमालकाच्याच घरात राहता.

पात्र, सशुल्क पात्र, अपात्र म्हणजे काय?

सगळा प्रश्न तारखांचा आहे. धारावीच्या सध्याच्या पुनर्विकासात तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्या कुटुंबाला (पात्र) धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. १ जानेवारी २००० ते १ जानेवारी २०११ या काळातल्यांना (सशुल्क पात्र) धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचं घर अडीच लाख रुपयांत. त्यानंतरचे आणि १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत वरच्या मजल्यावर राहणारे यांना (अपात्र) धारावीबाहेर भाडे-खरेदी तत्त्वावर घर.

म्हणजे खालचा इथे, वरचा बाहेर. एकाच शिडीवरची दोन कुटुंबं, एकाच नळाची, एकाच शाळेची, वेगळ्या गावांना पाठवली जातात. आमच्या मते या योजनेचं सगळ्यात कच्चं टोक हेच आहे. वरच्या माणसाचं काम धारावीत आहे, म्हणूनच तो पोटमाळ्यावर राहायला तयार झाला. मुलुंड किंवा देवनारहून रोज येऊन पीस-रेटवर शिलाई परवडत नाही.

इतर झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनांत ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. धारावीत ती अट लावलेली नाही. म्हणून इथे कागदपत्रांचं महत्त्व आणखी वाढतं.

सर्वेच्या वेळी काय दाखवायचं आणि लोकांचं कुठे चुकतं?

१८ मार्च २०२४ ला कमला रमण नगरातून पुनर्विकासाचा सर्वे सुरू झाला. क्रम असा: आधी प्रत्येक खोलीला स्वतंत्र क्रमांक, मग गल्लीचं लेसरने मापन, मग घरोघरी येऊन टॅबवर कुटुंबाची माहिती आणि कागदांचे फोटो.

लागणारा मुख्य पुरावा म्हणजे २००० पूर्वीच्या मतदारयादीतलं नाव. जोडीला १९७६ च्या झोपडी गणनेनंतर मिळालेला फोटोपास असेल तर उत्तम. वीजबिल, रेशन कार्ड, दुकान असेल तर गुमास्ता परवाना. आणि सध्याच्या वास्तव्याचा पुरावा वेगळा.

चुका त्याच त्याच होतात. मतदारयादीत नाव आहे पण खोली क्रमांक वेगळा, कारण मध्ये क्रमांक बदलले. अशा वेळी शेजारच्या दोन खोल्यांच्या नोंदी जोडून दाखवा, क्रम जुळला की अधिकारी मान्य करू शकतो. यादीत वडिलांचं नाव आणि वडील वारले: मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि इतर भावंडांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. भावंडं गावाला असतात, सर्वेच्या आठवड्यात त्यांची सही मिळत नाही. तमिळ, उर्दू किंवा तेलुगू नाव मराठीत तीन प्रकारे लिहिलेलं असतं: 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र लागतं. जुन्या मतदारयादीची प्रत निवडणूक कार्यालयातून प्रमाणित करून घ्या, यादी भाग आणि अनुक्रमांक लिहून अर्ज केला तर लवकर मिळते. झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही.

मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका. जे दिलं त्याची पोच, तारीख आणि क्रमांकासह. प्रारूप परिशिष्ट-२, म्हणजे कोण पात्र आणि कोण अपात्र याची कच्ची यादी, लागलं की आपलं नाव, खोलीचा क्रमांक आणि मजला तिन्ही तपासा. हरकत लेखीच द्या आणि मुदतीत द्या.

३५० चौरस फूट पुरेसं आहे का?

मोफत घराचं माप वाढतच गेलंय: १८०, मग १९९५ च्या योजनेत २२५, नंतर २६९, ३०० आणि आता धारावीसाठी ३५०. शंभर फुटांतून साडेतीनशेत, आत संडास आणि वेगळं स्वयंपाकघर. राहण्यासाठी ही मोठी सुधारणा आहे आणि ती नाकारणं चूक ठरेल.

पण धारावीतलं घर नुसतं राहायचं नसतं. कुंभारवाड्यात घराचं तोंड रस्त्याला, मागे काम आणि त्यामागे सामाईक अंगणातली भट्टी, चिंध्या आणि कापसाच्या कचऱ्यावर पेटणारी. सातव्या मजल्यावर चाक फिरेल, भट्टी पेटणार नाही. पापड लाटणारी बाई गल्लीत उलट्या टोपल्यांवर पापड वाळवते, तिला फ्लॅट नको, ऊन लागणारी चार फूट जागा हवी. तेरा कंपाऊंडात प्लास्टिक निवडतात, दळतात, धुतात आणि पत्र्यावर वाळवतात. पत्रा हे त्या धंद्यातलं यंत्रच आहे. पात्र व्यावसायिक गाळ्याला २२५ चौरस फुटांपर्यंत जागा मोफत आहे. त्यात पत्रा, अंगण आणि गल्ली धरलेली नाही. धंदा असेल तर सर्वेत वापरातली ही सगळी जागा लिहून घ्यायला सांगा, निदान तशी लेखी मागणी नोंदवा.

इमारतीत गेल्यावर काय बिघडू शकतं?

लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचं बिल. धारावीत दहा वर्षं देखभाल मोफत असेल असं सांगितलं आहे. अकराव्या वर्षाची वर्गणी किती, हे सोसायटी बनतानाच लेखी विचारा. दुसरं, दोन इमारतींमधलं अंतर. गोवंडीच्या नटवर पारीख कंपाऊंडात इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, आणि तिथल्या क्षयरोगाचा या बांधणीशी संबंध अभ्यासातून दिसला आहे. नकाशा दाखवतील तेव्हा घराचं माप विचारून थांबू नका. खिडकीसमोर किती मीटर मोकळं आहे तेही विचारा.

आत्ता धारावीत खोली विकत घ्यावी का?

नोटरीच्या कागदावर आणि मुखत्यारपत्रावर होणारा व्यवहार म्हणजे मालकी नव्हे. पात्रता ठरते ती मूळ झोपडीधारकाच्या जुन्या पुराव्यावर. विकणारा २००० पूर्वीची मतदारयादी, फोटोपास आणि स्वतःच्या नावाची साखळी दाखवू शकत नसेल तर पैसे देऊ नका. 'वरचा माळा आहे, पण घर मिळणार' असं सांगणाऱ्याला तर बयाणाही देऊ नका.